सड्यावरची माती आणि जैवविविधता : पाहणीत या चुका टाळा

कास पठारावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी माळावर, माती आणि प्रजातींचं नातं शोधणारी पाहणी बहुतेकदा बिघडते ती नमुना घेतानाच. शेतात १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन माती काढतात. सड्यावर तेवढी माती असते कुठे? कातळावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर, हातभर अंतरावर भेगेत वीतभर माती आणि शेजारी पाणी साचणारा खळगा. तिन्हींतले जीव वेगळे. सगळी माती कालवून एकच पिशवी भरली, तर मिळणारा सामू (मातीची आम्लता सांगणारा पीएच) कुठल्याच मुळाजवळचा नसतो.

म्हणून १ × १ मीटरच्या चौकटीतल्या वनस्पती आधी मोजा. मग सळई पाच ठिकाणी कातळाला टेकेपर्यंत खुपसून खोली लिहा. माती त्याच चौकटीतून, अगदी थोडी घ्या. कातळ, भेग, खळगा यांच्या पिशव्या वेगळ्या.

दुसरी चूक चाळणीत होते. वाळलेली ५०० ग्रॅम माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली आणि वर २०० ग्रॅम खडे उरले, तर प्रयोगशाळेचा आकडा खालच्या ३०० ग्रॅमपुरताच. खडे न तोलता फेकले की कंगाल माती सुपीक दिसते.

सर्वांत घातक चूक अहवाल वाचताना होते. ‘नत्र कमी’ हा शेरा पिकांसाठी असतो. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती किडे पकडतात ते मातीतून नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) पुरेसं मिळत नाही म्हणूनच! हे दारिद्र्यच त्यांचं घर आहे. माती ‘सुधारायला’ शेणखत किंवा भराव टाकला, तर उंच गवत माजतं आणि बोटभर उंचीची झाडं सावलीत मरतात.

ओल ऑगस्टची आणि फुलं ऑक्टोबरची, अशी जोडी लावू नका. दोन्ही नोंदी एकाच दिवशी घ्या. ओलीसाठी माती हवाबंद डबीत भरा, तोला, १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवून पुन्हा तोला. सामूसाठी माती-पाण्याचं प्रमाण सगळीकडे १:२.५ ठेवा.

एकाच सड्यावर ३० चौकटी घेतल्या तरी सडा एकच. निष्कर्ष सगळ्या सड्यांबद्दल काढायचा असेल, तर सडे वाढवा.

चालणारे किडे आत पडावेत म्हणून जमिनीच्या पातळीला पेले पुरतात, पण त्याला खोल माती लागते, त्यामुळे कातळावरचे जीव नोंदीतून गळतात. तिथे ठरावीक वेळ दगडाखाली शोधा. दगडाची पलीकडची कड लोखंडी आकड्याने आपल्याकडे उचला, म्हणजे दगड मध्ये आड राहतो; खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं. पाहून झालं की दगड होता तसाच, त्याच खाचेत ठेवा. तिरका राहिला तर खालची ओल उडून जाते.