गोल मफलर विणा, पण जोडताना पीळ पडू देऊ नका

सुलट-उलट येत असेल तर काउल, म्हणजे टोकं नसलेला गोल मफलर, साबुदाण्याच्या विणीत (सुलटावर उलट, उलटावर सुलट) करा. साध्या सुलट विणीचा काठ गुंडाळत जातो, हा सपाट राहतो. वर दाणेही छान उठून दिसतात.

मध्यम जाडीची दीडशे ग्रॅम लोकर आणि ५ मिमीची, ६० सेंटिमीटर लांबीची गोल सुई, म्हणजे लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुया, घ्या. सुई घेताना मिलिमीटरच बघा. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश नंबरांत ५ मिमी म्हणजे ६ नंबर, अमेरिकी नमुन्यांत तीच सुई ८ नंबरची. आपला ८ नंबर ४ मिमीचा असतो; त्यावर विणलंत तर मफलर आखूड आणि कडक होईल.

१११ टाके सैलसर घाला. आकडा विषमच हवा. सम टाक्यांवर एक सुलट, एक उलट असं गोल विणत गेलात की सुलटावर सुलट येतो आणि स्वेटरच्या बॉर्डरसारख्या उभ्या रेघा पडतात. विषम असले की दर फेरीला वीण एक घर सरकते.

आता जोडणी, म्हणजे टाक्यांची दोन टोकं जोडून गोल करणं. सगळे अडतात ते इथेच, मलाही हा टप्पा नकोसा वाटायचा. 'टाके सरळ लावून घ्या आणि जोडा' हा सल्ला कुचकामी आहे. नुसते घातलेले टाके तारेभोवती फिरतातच. टेबलावर नीट मांडलेत तरी सुई उचलताना एखादा वेढा पडतो, आणि तो चार बोटं विणून होईपर्यंत दिसत नाही. मग उसवण्याशिवाय इलाज नाही. धुऊन, ओढून, इस्त्री करून पीळ जात नाही.

म्हणून लगेच जोडूच नका. आधी तीन ओळी सपाट, म्हणजे दर ओळीनंतर काम उलटवत, एक सुलट, एक उलट अशा विणा; प्रत्येक ओळ सुलटाने सुरू आणि सुलटानेच संपवा. आता हातात पट्टी आली, तिचा पीळ डोळ्यांना दिसतो. तिसरी ओळ संपली की काम उलटवू नका. खालचा काठ सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते बघा, दोन्ही टोकं जवळ आणा आणि पहिला टाका उलट विणा. पहिली फेरी झाली की पुन्हा तपासा; तेव्हा चूक सापडली तर तेवढीच फेरी उसवावी लागते. खाली राहिलेली छोटी फट शेवटी सुरुवातीच्या धाग्याने शिवून टाका. ही फट राहते म्हणून नाक मुरडणारे असतात. मुरडू दे.

पुढे विचार करायचा नाही: एक सुलट, एक उलट, २४ सेंटिमीटर होईपर्यंत. विसरलात तर खालचा टाका बघा. तो सुलट दिसला तर उलट विणा, उलट दिसला तर सुलट. धागा मागे-पुढे नेताना दोन सुयांच्या मधूनच न्या. सुईवरून गेला तर जास्तीचा टाका होऊन भोक पडतं.

टाके विणीप्रमाणेच, सैल हाताने बंद करा. मफलर थंड पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने लांबतो.