विळी घेताना काय बघायचं

नवीन घर मांडणाऱ्यांना मी आधी विळीच घ्यायला सांगते. पाट जड हवा. दुकानातच जमिनीवर ठेवून पायाने दाबून बघा. डुगडुगली तर घेऊ नका. मग पातं बोथट बाजूने धरून हलवा. बुडाशी जरासंही हललं, तर नारळ खवताना हात सटकणार. खवणीचे दाते बारीक आणि सारखे असले की खवलेल्या नारळाचा चव मऊ पडतो, सोलकढीला तसाच लागतो.

पातं लोखंडीच घ्या, धार झकास लागते. फक्त कैरी-लिंबू चिरलं की लगेच धुऊन, पुसून ठेवा, नाहीतर गंजतं. पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. टोमॅटोला मात्र पातळ स्टीलची सुरी बरी. घरात रांगतं मूल असेल तर घडीचीच विळी घ्या.