वास्तूवरून कपडा बेतताय? या चुका टाळा

संभाजीनगर असो, लातूर की नांदेड. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं कलेक्शन आलं की ‘आर्किटेक्चर’ ही थीम कुणीतरी घेतंच. बहुतेकदा नाव असतं झाहा हदीदचं, कारण तिच्या इमारतींची वळणं फोटोत जबरदस्त दिसतात. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या मुलांनी आधी वास्तुकार चार्ल्स कोरिआ बघावेत. त्यांचा जन्म १९३० सालचा, सिकंदराबादचा. तेव्हा मराठवाडाही त्याच हैदराबाद संस्थानात होता. पण खरं कारण वेगळं आहे. उन्हाचं काय करायचं, हा प्रश्न या माणसाने आयुष्यभर सोडला नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात अंगावर काय घालायचं हाही तोच प्रश्न.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इमारतीचा फोटो डिजिटल प्रिंट करून कुर्त्यावर चढवणं. याला प्रेरणा म्हणत नाहीत. परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यात तुझं काय?’ कोरिआंच्या मुंबईतल्या कांचनजंगाचंच बघा. २८ मजल्यांचा टॉवर, १९८३ साली पूर्ण झालेला. त्याच्या कोपऱ्यांतून दुमजली उंचीचे चौकोन कापून काढलेत आणि तिथे गच्च्या केल्यात. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पाऊसही तिकडूनच. म्हणून घर आणि बाहेर यांच्यामध्ये जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारखा एक थर ठेवला. तुम्हाला घ्यायचाय तो हा थर. आत सुती अंगरखा, वर सैल जाकीट आणि जाकिटाचा कोपरा खांद्यापाशी किंवा कमरेच्या बाजूला कापलेला. पोटावर मधोमध चौकोनी भोक पाडलं की कांचनजंगा होत नाही.

आता कोरिआंचंच जयपूरचं जवाहर कला केंद्र. मुलं इथे सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नकाशा नऊ चौकोनांचा, नवग्रहांवर बेतलेला. मधला चौकोन आकाशाला मोकळा आणि एक चौकोन रांगेतून बाहेर सरकवलेला. जयपूर शहराच्या मूळ आखणीतही टेकडी आडवी आली म्हणून एक चौकोन असाच हलला होता. शिवणाऱ्याला यापेक्षा सोपा खाका कुठे मिळणार? तरी ट्रायलला कपडा अंगात जात नाही. कारण हिशेब.

समजा छाती ३६ इंच आहे आणि ६ इंच सैलपणा हवाय. एकूण ४२, म्हणजे पुढचा भाग २१. तीन चौकोन आडवे धरले की प्रत्येकी ७ इंच. मुलं बरोबर ७ इंचाचेच चौकोन कापतात. शिवताना दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत दबणारं कापड, गेली की उरतात ६. पुढचा भाग १८, मागचा १८, बेरीज ३६. सगळा सैलपणा शिवणीतच गेला. चौकोन ८ इंचाचाच कापा. शिवाय बाजूच्या शिवणीला माया थोडी जास्त सोडा, पुढे उसवून वाढवता येते.

दुसरी अडचण सरकवलेल्या चौकोनाची. तो हलला की आतल्या बाजूला वळणारा कोपरा तयार होतो आणि तिथे हमखास चुणी पडते किंवा कापड फाटतं. शिवण्याआधी त्या कोपऱ्यावर बारीक टीप मारून घ्या, मागून हलकं फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कापड, लावा. मग माया कोपऱ्यापर्यंत तिरकी कापा, पण टिपेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबा. सुई कोपऱ्यात खाली ठेवून मशीनचा पाय उचला, कापड फिरवा, पुढे चला. हे थेट भारी कापडावर करू नका. आधी मांजरपाटावर पूर्ण नमुना शिवून अंगावर चढवून बघा. पैसे वाचतात आणि मास्तरांशी भांडणही टळतं.

चौकोन जुळले तरी मुंढ्यापाशी ओढ येत असेल तर धाग्याची दिशा तपासा. नऊपैकी दोन चौकोन उरेप, म्हणजे धाग्याला तिरके, कापले गेले असले की ते लोंबतात, बाकीचे जागेवर राहतात. इमारत जमिनीवर उभी असते, कपडा खांद्यावरून खाली येतो. नकाशाचं वजन कुठे पडणार हे कागदावर दिसत नाही.

मग येतो कापडाचा मोह. एकाच ड्रेसमध्ये हिमरू, पैठणीचा काठ आणि खण, ‘लोकल टच’ म्हणून. हिमरूत ताणा (उभा धागा) सुताचा, बाणा (आडवा धागा) रेशमाचा आणि मागे नक्षीचे धागे मोकळे सुटलेले. अस्तर नसेल तर अंगठीत अडकतात. छोटे चौकोन कापले की कडा झपाझप सुटतात आणि बुट्टीही अर्धी तुटते. हिमरू वापरायचंच तर सरकलेला एकच चौकोन हिमरूचा करा, बुट्टी मधोमध येईल असा. बाकी साधं सुती. डोळा आपोआप तिथेच जातो.

रंगाबाबत तर कोरिआंकडून शिकण्यासारखं पुण्यातच आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची इमारत त्यांचीच. तिच्या भिंती काळ्या बेसॉल्टच्या, त्यावर आणखी काळा कडप्पा आणि वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. काळ्यावर काळा, त्यावर काळा. फरक फक्त उजेड कसा परततो याचा. विद्यार्थी ‘मोनोक्रोम’ म्हणून एकाच ठाणाचं काळं कापड घेतात आणि रॅम्पवर सगळं सपाट दिसतं. खादी, मशरू आणि रेशीम असे तीन काळे घ्या. मशरूची चमक बाहेर असते आणि अंगाला सूत लागतं, त्यामुळे आपल्या हवेत तो झकास चालतो. हे प्रकरण फोटोवरून कळत नाही, शक्य असेल तर परवानगी विचारून प्रत्यक्ष जाऊन बघा.

राहिली हवा. अहमदाबादच्या ट्यूब हाउसमध्ये कोरिआंनी छत तिरकं ठेवलं, गरम हवा त्या उतारावरून वर चढून माथ्याच्या फटीतून बाहेर जायची. आपल्या माळवदाच्या घरातला झरोका वेगळं काय करायचा? कुर्त्यातही हवा खालून, घेरातून आणि बाजूच्या कटांतून येते आणि गळ्यातून निघते. गळा बंद, आत पॉलिस्टरचं अस्तर आणि कन्सेप्ट शीटवर ‘हवामानाला साजेशी वास्तू’, हे परभणीच्या उन्हात पाच मिनिटंही टिकत नाही. मानेमागे बोटभर फट ठेवा, अस्तर मलमलचं लावा आणि मॉडेलला एसी हॉलमध्ये न ठेवता दुपारी बाहेर चालवून बघा.