पहिलं बोरन्हाण घरच्या घरी: काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि अर्ध्या तासाचा सोहळा

माझ्या थोरल्या लेकीच्या बोरन्हाणाच्या फोटोंत तिचा एक हात सतत डोक्याकडे गेलेला दिसतो. दागिन्यांचा तयार संच दुकानातून आणला होता. मुकुटाला मागे इलॅस्टिक होतं आणि ते कपाळात रुतत होतं. बोरं डोक्यावर पडायच्या आधीच ती रडायला लागली. मुकुट काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. धाकट्याच्या वेळी झबल्यापासून मुकुटापर्यंत सगळं घरी केलं. ते कसं केलं, तेच इथे सविस्तर सांगते. हे करायला शिवणकामाचा क्लास झालेला असण्याची गरज नाही. सुईत दोरा ओवता आला की पुरे.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात. रथसप्तमी तिथीनुसार येत असल्याने हा काळ दरवर्षी कमी-जास्त होतो. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे हातात होते. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आली आणि जेमतेम अकरा दिवस मिळाले. म्हणून कॅलेंडर बघून तयारी संक्रांतीच्या दोन आठवडे आधीच सुरू करा. बाळाची पहिली संक्रांत साधली तर उत्तमच, पण काही कारणाने राहून गेलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही करतात. पाच वर्षांपर्यंत चालतं. विदर्भात याच कार्यक्रमाला ‘लूट’ म्हणतात, आणि मुलांच्या दृष्टीने तेच नाव जास्त खरं आहे.

कापड

एरवी सणाला काळं वर्ज्य, पण संक्रांतीला मात्र मुद्दाम काळं घालतात, कारण काळा रंग उन्हाची ऊब शोषून घेतो. शिवाय पांढरा हलवा काळ्यावर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही. घरात आजीची जुनी सुती चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, असेल तर तिच्यासारखं कापड नाही. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालेलं असतं की बाळाला अंगावर काही घातल्यासारखं वाटत नाही. तिच्या काठाची पट्टी झबल्याच्या घेराला लावता येते. काठातली जरतार मात्र आतल्या बाजूने अंगाला टोचणार नाही असं बघा. नवं कापड घेणार असाल तर ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) साधं सुती कापड एक मीटर पुरतं. सॅटिन आणि जाळीचं कापड दिसायला छान असलं तरी बाळाच्या मानेला घासतं, ते घेऊ नका.

नवं काळं कापड कापण्याआधी धुवायलाच हवं. पाण्यात मूठभर मीठ घालून ते तासभर भिजवा, मग साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. पाण्याला रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा. नाहीतर बाळाला घाम आला की काखेत आणि गळ्याशी काळे डाग पडतात. कापड आटायचं असेल तर तेही याच वेळी आटतं.

झबलं

ही मापं साधारण दहा-बारा महिन्यांच्या बाळाची आहेत. तुमच्या बाळाच्या छातीचा घेर टेपने मोजा. समजा तो १८ इंच आहे. त्यात ४ इंच सैलपणा धरला की २२. त्याचा पाव भाग साडेपाच, त्यात शिलाईची अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड. म्हणजे काखेशी ६ इंच. बाळाचा घेर वेगळा असेल तर हाच हिशेब करायचा.

३२ इंच लांब आणि १८ इंच रुंद तुकडा घ्या. आधी लांबीत मधोमध दुमडा. ही घडी खांद्यावर येणार. मग रुंदीत दुमडा. आता १६ इंच लांब, ९ इंच रुंद अशी चार पदरी घडी तयार झाली. उभी घडी डाव्या हाताला आणि खांद्याची घडी वर ठेवा. खडूने खुणा करा:

- गळा: वरच्या डाव्या कोपऱ्यातून आडवं सव्वादोन इंच आणि खाली पाऊण इंच. हा मागचा गळा झाला. चारही पदर कापल्यावर घडी उलगडा आणि फक्त पुढचा गळा २ इंचांपर्यंत खोल करा.
- बाही: बाहेरच्या कडेला वरून ५ इंचांवर खूण.
- काख: त्याच ५ इंचांच्या रेषेवर, उभ्या घडीपासून ६ इंचांवर खूण. इथे टोकदार कोपरा न करता गोलाई द्या, नाहीतर हात वर केला की कापड ओढलं जातं.
- घेर: काखेपासून खाली तिरपं येत तळाशी ८ इंच.

गळा एवढाच ठेवला तर डोकं आत जाणार नाही. म्हणून पाठीवर मधोमध गळ्यापासून ५ इंच उभी चीर द्या. चिरेला आणि गळ्याला उरेब पट्टी लावायची, म्हणजे कापडावर तिरपी कापलेली सव्वा इंच रुंदीची पट्टी. सरळ कापलेली पट्टी गोल गळ्यावर नीट बसत नाही, चुण्या पडतात. त्याच पट्टीची टोकं पाठीकडे सहा-सहा इंच मोकळी सोडा, त्यांचेच बंद होतात. बटण नको आणि हुक तर नकोच. बटण तोंडात जातं, हुक पाठीला रुततो. या दिवशी सेफ्टी पिनही बाळाच्या कपड्याला लावू नका, कितीही घाई असली तरी.

मशीन असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. हाताने शिवणार असाल तर काखेच्या शिलाईला उलट टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घाला. साधा धावदोरा तिथे टिकत नाही. तळाला २ इंच माया ठेवली आहे, तिच्यात १ इंच दुमडून पुन्हा १ इंच दुमडा आणि हेम करा. ही माया मुद्दाम जास्त आहे.

आता पांढऱ्या चांदण्या. चार पदरी पांढऱ्या दोऱ्याने तीन छोटे टाके एकमेकांना छेद देऊन घातले की चांदणी होते. वीस-पंचवीस चांदण्या रात्री टीव्ही बघता बघता होतात. हे काम घरातल्या सगळ्यांत वाटून टाका. आमच्याकडे सासूबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “अगं, दे इकडे, डावी बाजू माझी.” झबलं बघितलं की आजही कुठल्या चांदण्या त्यांच्या आणि कुठल्या माझ्या ते ओळखू येतं. त्यांच्या बारीक आणि एकसारख्या आहेत.

हलव्याचे दागिने

हलवा घरी करणं हे वेगळंच तप आहे. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन चमचा-चमचा पाक घालत दिवसचे दिवस हात फिरवावा लागतो. वेळ असेल तर जरूर करा. नाहीतर पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत दादरला या दिवसांत सुटा हलवा सहज मिळतो. पांढराच घ्या, बारीक आणि मध्यम असा दोन आकारांचा, मिळून पाव किलो. दाणा हातात घेऊन बघा. त्याला चांगले काटे हवेत, कारण सगळी कारागिरी त्या काट्यांवर उभी आहे.

हलवा सुईने ओवायला गेलात तर फुटतो. तो दोऱ्यात बांधायचा असतो. दुपदरी पांढरा दोरा घ्या, त्याला सरकणारा फास करा, फासात दाणा ठेवा आणि हळूच ओढा. दोरा दोन काट्यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि दाणा जागच्या जागी घट्ट होतो. पुढे अर्ध्या बोटावर दुसरा फास. पहिले दहा दाणे निसटतात, बोटं चिकट होतात. हात कोरडे ठेवायला शेजारी सुकं फडकं ठेवा. अकराव्या दाण्यापासून लय सापडते. अशा सरी झाल्या की हार, बाजूबंद, कमरपट्टा सगळं त्यातूनच होतं. दोन सरींच्या मध्ये एखादा सोनेरी मणी घालावासा वाटतो, पण मणी हलव्यासारखा विरघळत नाही आणि बाळ सगळं तोंडात घालतं. त्यापेक्षा सोनेरी दोऱ्याचे गोंडे करा.

मुकुटासाठी जाड कार्डशीटची २ इंच रुंद पट्टी कापा, पुढे मधोमध ४ इंच उंच कळस ठेवा. पट्टी डोक्याच्या पुढच्या अर्ध्या भागापुरतीच, म्हणजे साधारण ९ इंच. मागे मऊ सुती नाडी, सैल गाठीने बांधायची. आतून उरलेल्या काळ्या कापडाचं अस्तर चिकटवा. डिंकाऐवजी मैद्याची घट्ट खळ वापरा. मैदा पाण्यात शिजवून थंड केला की झाली. खळ लावून त्यावर दाणे एकेक बसवा आणि रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. खळ पातळ झाली तर तिच्या पाण्याने हलवा विरघळायला लागतो, म्हणून ती चांगली दाट हवी.

मुलगा असेल तर बासरी करतात, मुलगी असेल तर बिंदी, बांगड्या, कानातलं. कानातलं कानात अडकवायचं नाही, दोऱ्याच्या वेढ्याने कानावरून सोडायचं. पण खरं सांगू? वर्षाच्या आतल्या बाळाला मुकुट, एक हार आणि हातात कडी एवढं पुष्कळ होतं. आपल्या हौसेपेक्षा त्याची मान महत्त्वाची. हार बेंबीपर्यंत लोंबणारा नको, छातीपर्यंतच असू द्या, आणि बाळ दागिन्यांत असताना त्याच्यावरची नजर हलवू नका. तयार दागिने स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मुंग्यांना वास लागतोच.

परदेशात राहणाऱ्यांना हलवा मिळाला नाही तर मखाणे घ्या. ते सुईने सहज ओवले जातात, वजनाला काहीच नसतात आणि काळ्यावर पांढरेशुभ्र दिसतात.

डोक्यावर काय ओतायचं

दहा-बारा मुलं येणार असतील तर अर्धा किलो चुरमुरे, अर्धा किलो बोरं, पाव किलो बत्तासे, थोडे उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि तिळाच्या रेवड्या. बोरं गावठी, लहान आणि पिकलेली घ्या. जळगावकडची मेहरूणची मिळाली तर मुलं बाकी सगळं सोडून तीच वेचतात. ते मोठं, सफरचंदाएवढं बोर या कामाचं नाही, डोक्याला लागतं. उसाचे करवे आणि शेंगाही डोक्यावर न ओतता बाळाभोवती पसरा. डोक्यावरून फक्त चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि ओंजळभर बोरं, तीही वीतभर उंचीवरून.

एक गोष्ट फार गांभीर्याने सांगते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, बोराची बी अडकू शकते. गडबडीत कोण काय तोंडात टाकतंय ते कळत नाही. म्हणून घरातल्या एका मोठ्या माणसाला फक्त तेच काम द्या. त्याने फोटो काढायचे नाहीत, चहा आणायचा नाही, लहान मुलांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

त्या दिवशी

बाळाची झोप झाली की पाचच्या सुमाराला सुरुवात करा. बाळ पेंगुळलेलं असेल तर पाहुणे थांबतील, बाळ थांबणार नाही. जमिनीवर धुतलेली स्वच्छ चादर घाला, म्हणजे खाली पडलेलं सगळं खाता येतं. तिच्यावर पाट, पाटाभोवती रांगोळीऐवजी फुलांच्या पाकळ्या, कारण रांगोळी बोरांना लागते. बसता येत नसेल तर बाळ आईच्या किंवा आजीच्या मांडीवर.

औक्षणाला पाच सवाष्णी हव्यात असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. मी एवढंच म्हणेन की आजी एकटी असेल तर पहिलं औक्षण तिलाच करू द्या. नातवंडावर तिच्याइतका जीव कुणाचा असतो? निरांजन मात्र बाळाच्या हातापासून लांब धरा, ज्योत दिसली की ते झडप घालतं.

औक्षण झालं की लगेच मुकुट घाला, दोन-चार फोटो काढा आणि मुकुट उतरवा. मगच चुरमुरे ओता. पहिली ओंजळ आईच्या हातावर ओतून बाळाला दाखवा, दुसरी त्याच्या पायावर, तिसरी डोक्यावर. अचानक डोक्यावर काही पडलं की मोठं माणूसही दचकतं. अशी ओळख करून दिली की बाळ हसतं, निदान रडत तरी नाही.

लुटीसाठी उरलेल्या काळ्या कापडाच्या आणि घरातल्या चिंध्यांच्या वीतभर थैल्या शिवून ठेवा, प्रत्येक मुलाला एक. मोठ्या मुलांना बाहेरच्या कडेला बसवा आणि आधी धाकट्यांना वेचू द्या. थैल्या नसल्या की ढकलाढकली होते आणि कुणाच्या तरी हाती फक्त चुरमुरे लागतात. मोठ्यांना तिळगूळ, मटारच्या करंज्या आणि मसाला दूध पुरे. अर्ध्या तासात कार्यक्रम उरकतो, आणि तेवढाच असावा.

रात्री दागिने डब्यात परत जातात, पण पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत, पाझरतात. मी फासात बांधलेल्या सरी सोडवून दाणे चहात टाकते, खळीवर चिकटवलेले मात्र टाकून देते. झबलं हाताने धुऊन सावलीत वाळवा. पुढच्या संक्रांतीला तळाची ती जास्तीची इंचभर माया उसवून सोडा, झबलं बाळाला पुन्हा बसतं. आमचं आता तिसऱ्या बाळाच्या अंगावर आहे, माझ्या भाचीच्या.