बंद झालेला कृष्णधवल रोल: त्यावर फोटो काढायचे कसे, तो घरी धुवायचा कसा

कोडॅकने प्लस-एक्स ही कृष्णधवल फिल्म २०११ मध्ये बंद केली. पॅनाटॉमिक-एक्स आणि व्हेरिक्रोम पॅन तर त्याच्याही आधी गेल्या. तरी हे रोल कुणाच्या कपाटातून, कुणाच्या जुन्या कॅमेरा-बॅगेतून अजून निघतात, आणि बऱ्याचदा वापरण्याजोगे असतात. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: जुन्या रोलला लागणारा जादा प्रकाश कॅमेऱ्यातच द्यायचा, फिल्म धुवायच्या टँकमध्ये, म्हणजे प्रकाशबंद डब्यात, तो भरून निघत नाही. माझा पहिला जुना रोल 'वाचवायला' म्हणून मी डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रकाश पडलेले कण काळे करून चित्र उमटवणाऱ्या रसायनात, दीडपट वेळ ठेवला. हाती आली ती एकसारखी करडी पट्टी.

याचं कारण असं. फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या काही कणांवर वर्षानुवर्षांची उष्णता आणि निसर्गातला किरणोत्सर्ग परिणाम करतात. प्रकाश न पडताही ते कण 'पडला' असं धरून बसतात. यालाच फॉग म्हणतात. डेव्हलपरला खरे-खोटे कण ओळखता येत नाहीत, त्यामुळे वेळ वाढवली की खोटेही काळे होत जातात. वेगवान, म्हणजे आयएसओचा आकडा मोठा असलेल्या आणि कमी प्रकाशात चालणाऱ्या फिल्मचं नुकसान जास्त होतं. आयएसओ ३२ ची पॅनाटॉमिक-एक्स दशकं काढते, ३२०० ची फिल्म लवकर मान टाकते.

आधी डबी वाचा

मुदतीची तारीख, आयएसओ आणि प्रक्रिया या तीन गोष्टी पाहा. 'सी-४१' लिहिलं असेल, उदाहरणार्थ कोडॅक बीडब्ल्यू४००सीएनवर, तर ती कृष्णधवल असूनही रंगीत फिल्मच्या रसायनांसाठी बनवलेली आहे. खालची पद्धत तिच्यासाठी नाही. टेक्निकल पॅनही वेगळी ठेवा. तिला सौम्य, खास डेव्हलपर लागतो, नाहीतर कॉन्ट्रास्ट हाताबाहेर जातो. रोल फ्रीझरमधला असेल तर डबी बंदच ठेवून काही तास बाहेर राहू द्या, म्हणजे आत दव धरणार नाही.

किती प्रकाश द्यायचा?

ढोबळ हिशोब असा की मुदत संपून गेलेल्या दर दहा वर्षांना एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे प्रकाश दुप्पट करायचा. १२५ आयएसओच्या रोलची मुदत वीस वर्षांपूर्वी संपली असेल, तर प्रकाश मोजणारा मीटर आयएसओ ३२ वर लावा. थंडीत ठेवलेल्या रोलला कमी पुरतं, माळ्यावर तापलेल्याला जास्त लागतं. कॅमेरा डबीवरचा, आयएसओ सांगणारा डीएक्स कोड आपोआप वाचत असेल, तर आयएसओ हाताने बदलायला विसरू नका.

एकाच खोक्यातले तीन-चार रोल असतील तर एक खुशाल बळी द्या. एकच दृश्य १२५, ६४, ३२ आणि १६ वर काढा, थोडी फिल्म कोरी सोडा आणि हा रोल आधी धुवा. कोऱ्या भागाचा करडेपणा हा तुमचा फॉग. सावलीतला तपशील ज्या फ्रेममध्ये त्याच्यावर उठून दिसतो, तो आकडा बाकीच्या रोलांसाठी धरा. एकच रोल असेल तर महत्त्वाच्या फोटोला एक-एक स्टॉप वाढवत तीन फ्रेम खर्च करा.

अंधारातलं काम

लाल दिवा इथे चालत नाही. या फिल्म पॅनक्रोमॅटिक आहेत, त्यांना लालही दिसतो. पूर्ण अंधार किंवा चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी हवी. वर्षानुवर्षं गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी उलटते, म्हणून रील, म्हणजे टँकमध्ये फिल्म गुंडाळून ठेवायची चकती, टाकाऊ फिल्मने भरायचा सराव आधी उजेडात, मग डोळे मिटून करा. रील खडखडीत कोरडं ठेवा आणि फिल्मच्या टोकाचे कोपरे किंचित गोल कापा. बॅगेत हातांना घाम सुटला आणि फिल्म अडकू लागली, तर जबरदस्ती करू नका. ती टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा. मी दहा मिनिटं चहा पिऊन आलोय, फिल्मचं काही बिघडलं नाही.

रसायनं

जुन्या फिल्मला मी एचसी-११० हा डेव्हलपर वापरतो, कारण तो फॉग कमी उठवतो. डायल्यूशन बी म्हणजे १ भाग डेव्हलपर आणि ३१ भाग पाणी. ३५ मिमीच्या एका रोलला १० मिली डेव्हलपर आणि ३१० मिली पाणी घ्या. डेव्हलपर सुईविरहित सिरिंजने मोजा. वेळ त्या फिल्मच्या मूळ माहितीपत्रकातून घ्या आणि वाढवू नका. फॉग फारच असेल तर बेन्झोट्रायझोल हे फॉग दाबणारं रसायन किंचित घालता येतं, पण त्याने फिल्मचा वेगही घटतो. माझ्या मते तो शेवटचा उपाय.

सगळी द्रावणं २०° सेल्सिअसला आणा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आधी साध्या पाण्याने एक मिनिट भिजवा. ते पाणी निळं-जांभळं निघालं तर दचकू नका, तो फिल्ममागचा रंग आहे. मग डेव्हलपर: पहिली ३० सेकंद सतत उलटसुलट, नंतर दर मिनिटाला १० सेकंद. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतील. त्यानंतर डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, अर्धा मिनिट.

मग फिक्सर, म्हणजे काळे न झालेले कण काढून टाकणारं रसायन. त्याची वेळ अंदाजाने ठरवू नका. रोलचं कापलेलं टोक आधीच फिक्सरमध्ये टाका आणि ते पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका. बाटलीत साठवून रासायनिक कचऱ्यात द्या.

फिक्सरनंतर पाण्याने धुताना टँक भरून ५ वेळा उलटा करा आणि ओता. पुन्हा भरून १० वेळा, मग २० वेळा. पाण्याचं तापमान आधीच्या द्रावणांच्या जवळपासच असू द्या. शेवटी वेटिंग एजंटच्या (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाच्या) पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, पुसू नका, आणि खाली चिमटा लावून न्हाणीघरात टांगा. तिथे धूळ कमी असते.

वाळलेली निगेटिव्ह करडी दिसली म्हणून लगेच फेकू नका. हा करडेपणा सगळीकडे सारखा असेल तर प्रिंटला थोडं जास्त एक्स्पोजर दिलं किंवा स्कॅनमध्ये काळ्याची पातळी सरकवली, की बराचसा निघून जातो. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा आणि बाक जाईपर्यंत, निगेटिव्हच्या पाकिटात घालूनच, जड पुस्तकाखाली ठेवा.