पेडल नसताना यॉ कसा सांभाळावा

जॉयस्टिक घेऊन एलिट डेंजरस हा अवकाशजहाज चालवायचा गेम खेळायला लागलात की कोणीतरी सांगतंच, ‘पायाची पेडल घे, त्याशिवाय खरी मजा नाही.’ ऐकू नका. या गेममध्ये यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे फिरवणं, मुद्दामच मंद ठेवलेला आहे. पिच, म्हणजे नाक वर-खाली करणं, आणि रोल, म्हणजे जहाज कुशीवर कलवणं, त्याच्या कितीतरी पुढे. पेडल लावली म्हणून जहाज लवकर वळत नाही, कारण वळण्याचा वेग गेम ठरवतो. पेडल जे काम करतील ते हातानेही होतं, फक्त हाताला नीट शिकवावं लागतं.

जॉयस्टिक संगणकाला जोडून सगळे अक्ष, म्हणजे हालचालीच्या दिशा, दिसतायत हे तुम्ही पाहिलेलं असेलच. तिथून पुढे.

यॉ कशावर लावायचा हे आधी ठरवा. दांडा स्वतःभोवती फिरत असेल, जसा लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टर टी-सिक्स्टीन-थाउजंड-एमचा फिरतो, तर त्या ट्विस्टवर. थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या दांड्यावर, बोटांनी दाबायची दोन्ही बाजूंना झुकणारी पट्टी असेल तर त्या पट्टीवर, आणि ही सोय ट्विस्टपेक्षा चांगली. दोन्ही नसेल तर कीबोर्डवर ए आणि डी आहेतच. मुख्य दांड्याच्या डाव्या-उजव्या हालचालीवर मात्र यॉ लावू नका. तिथे रोलच हवा. ‘गाडीसारखं वळतं’ म्हणून तिथे यॉ लावणारे लोक शत्रू मागे आला की नाक कधी फिरतंय याची वाट बघत बसतात.

पर्यायांमध्ये ‘यॉ इनटू रोल’ सापडेल. चालू असेल तर बंद करा. यॉ देताना जहाज आपोआप कलतं, दिसायला छान वाटतं, पण नेम धरायच्या क्षणी क्षितिज हलतं आणि सगळं बिघडतं.

आता खरा त्रासाचा भाग, ट्विस्टची गळती. दांडा पिळला की तो थोडा बाजूलाही जातो आणि यॉबरोबर नकोसा रोल येतो. उलटही होतं. जोरात मागे ओढला की मनगट नकळत पिळतं आणि नाक तिरकं जातं. मला यानेच सगळ्यात जास्त छळलं. ‘सरावाने जाईल’ हा सल्ला तर सगळ्यात निरुपयोगी, कारण चुकीच्या पकडीचा सराव केला तर चुकीचीच पकड पक्की होते.

गळती हातात आहे की यंत्रात, हे आधी तपासा. मोकळ्या अवकाशात, सुपरक्रूझ या अतिवेगी प्रवासाबाहेर, थ्रॉटल मध्यावर ठेवा आणि एखादा लांबचा तारा समोर धरा. हात पूर्ण काढून घ्या. नाक आपोआप सरकत असेल तर दोष यंत्राचा. स्वस्त दांड्यांत ट्विस्टखाली बहुतेक वेळा पोटेन्शियोमीटर, म्हणजे फिरणं मोजणारा भाग, असतो, तो घासला की थरथरतो. कॅलिब्रेशन, म्हणजे दांड्याचा मध्य संगणकाला पुन्हा शिकवणं, करून पाहा, नाही जमलं तर गेममध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल गेम मोजत नाही तो पट्टा, वाढवा. नाक स्थिर राहिलं तर आता फक्त ट्विस्ट द्या आणि तारे गोल फिरतात का पाहा. फिरत असतील तर गळती तुमच्या हातात आहे.

ती घालवायला तीन गोष्टी, आणि क्रमानेच. पहिली, कोपर टेकवा. कोपर हवेत असेल तर पिळताना सगळा हात खांद्यापासून हलतो आणि दांडा त्याच्याबरोबर जातो. दांडा टेबलाच्या कडेशी किंवा खुर्चीच्या हाताजवळ, कोपराच्या उंचीला आणा. दुसरी, मूठ आवळू नका. अंगठा आणि दोन बोटांनी दांडा धरा, तळव्याची कड खालच्या टेकूवर ठेवा आणि पिळायचं काम बोटांकडे द्या. तिसरी, ट्विस्टला डेडझोन द्या. मी साधारण 10 टक्क्यांपासून सुरू करतो आणि जोरात ओढल्यावर नाक तिरकं जाणं थांबेपर्यंत थोडा थोडा वाढवतो. पहिल्या दोन गोष्टी न करता डेडझोन 30 टक्क्यांवर नेणारे पुष्कळ आहेत. त्यांची गळती लपते, पण बारीक यॉही मरतो, आणि मग ‘ट्विस्ट बेकार’ म्हणत ते पेडल विकत घेतात.

कीबोर्डवर हा प्रश्नच नाही, कारण की एकतर दाबलेली असते किंवा सोडलेली. तिथे दाबून धरू नका, टिचक्या मारा.

आता वळण. यॉने मोठं वळण घ्यायचंच नाही. रडारशेजारी छोटं गोल होकायंत्र असतं, त्यात लक्ष्याचा ठिपका दिसतो. ठिपका भरीव असेल तर लक्ष्य पुढे, पोकळ असेल तर मागे. रोल देऊन ठिपका घड्याळातल्या बाराच्या जागी आणा आणि दांडा मागे ओढा. ठिपका मध्याकडे उतरू लागतो. मध्याजवळ आला पण किंचित डावीकडे-उजवीकडे राहिला की तिथे यॉ. यॉचं काम शेवटच्या काही अंशांचं. थ्रॉटलच्या मापावर निळा पट्टा दिसतो, वेग त्यातच ठेवा. जहाज तिथे सगळ्यात चपळ वळतं. पूर्ण वेगात किंवा थांबलेल्या जहाजात ‘यॉ चालतच नाही’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

फ्लाइट असिस्ट, म्हणजे जहाज आपोआप स्थिर करणारी सोय, बंद केलात तर दिलेला यॉ थांबत नाही. विरुद्ध बाजूला तेवढाच झटका द्यावा लागतो. वरची पकड बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

उतरताना गणित उलटं होतं. पॅडवर, म्हणजे उतरायच्या जागेवर, नाक योग्य दिशेला आणायचं असतं, म्हणजे इथे यॉच महत्त्वाचा आणि रोल जवळजवळ नकोच. यासाठी सेटिंगमध्ये ‘लँडिंग ओव्हरराइड्स’ नावाचा वेगळा भाग आहे. लँडिंग गिअर, म्हणजे जहाजाचे पाय, खाली असतानाच तो लागू होतो. तिथे दांड्याच्या डाव्या-उजव्या हालचालीला यॉ द्या आणि ट्विस्टला रोल. पाय वर घेतले की सगळं पूर्ववत. ही सोय वर्षानुवर्षं तिथे आहे आणि बहुतेकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते.

एक सूचना मात्र पाळा. जहाज पॅडच्या मध्यापासून बाजूला असेल तर यॉने सरळ करायला जाऊ नका. नाक वाकडं होतं, मग ते सरळ करताना पुन्हा सरकतं, आणि हा खेळ पॅडवर आपटेपर्यंत चालतो. आधी यॉने दिशा लावा आणि हात काढा. मग कीबोर्डवरच्या क्यू आणि ईने आडवं सरका, पॅडचं चित्र मधोमध आलं की एफने खाली.