होमकमिंग कोर्टसाठी उभं राहायचंय? मग तयारी ऑगस्टपासूनच

होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांना परत बोलावणारा, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याभोवतीचा विद्यापीठाचा वार्षिक सोहळा; कोर्ट म्हणजे त्यात मानासाठी निवडले जाणारे विद्यार्थी, ज्यांतून पूर्वापार राजा-राणी ठरतात. अमेरिकेत शिकताय आणि यंदा या कोर्टसाठी अर्ज भरायचं मनात आहे, तर आधी आपल्या विद्यापीठाचे नियम शेवटपर्यंत वाचा. बऱ्याच ठिकाणी ही संधी फक्त बॅचलर्सच्या, त्यातही शेवटच्या वर्षाच्या मुलांना असते; एमएसला गेलेल्यांचा पत्ता इथेच कटतो. जीपीएची (4 पैकी सरासरी गुणांची) अट कुठे 2.5, कुठे 3. क्रेडिट्स पूर्णवेळची, म्हणजे बहुधा किमान 12 हवीत. होमकमिंग ऑक्टोबरच्या आसपास असतं, पण अर्जाची मुदत सप्टेंबरमध्येच, काही ठिकाणी त्याहीआधी संपते.

खरी मेहनत अर्जावर घ्या. राजा-राणी, मुकुट वगैरे ऐकून ही सौंदर्यस्पर्धा वाटते, पण पहिली चाळणी निबंध, शिफारसपत्र आणि मुलाखतीची असते, आणि समोर प्राध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी बसलेले असतात. ‘इंडियन स्टुडंट असोसिएशनची सक्रिय सदस्य’ या ओळीने कुणाचंही समाधान होत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी हॉल कसा मिळवला, पैसे कुठून उभे केले, नव्या मुलांना विमानतळावरून आणायची सोय कुणी लावली, ते लिहा. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दोन-तीन आठवडे आधी गाठा आणि आपल्या कामाचे मुद्दे एका पानावर काढून द्या.

मुलाखतीला जाताना आपल्या विद्यापीठाची परंपरा माहीत हवी. पहिलं होमकमिंग आमचंच, असा मान मिझुरीवाले 1911 च्या सामन्यावरून सांगतात, बेलर 1909 पुढे करतं, इलिनॉय 1910; हा वाद मिटणारा नाही, मिटवायला जाऊही नका. मिनेसोटाने 2017 मध्ये आणि पर्ड्यूने 2018 मध्ये राजा-राणीची विभागणी काढून टाकली, म्हणजे आता निवड स्त्री-पुरुष न बघता होते. आणि हॉवर्ड विद्यापीठाचं 1966 साल वाचाच. रॉबिन ग्रेगरी तिथे आफ्रो (नैसर्गिक कुरळ्या, फुललेल्या) केसांनिशी उभी राहिली, नटण्यामुरडण्यापेक्षा कृष्णवर्णीयांच्या हक्कांवर बोलली आणि राणी झाली. प्रचारात बोलायला मुद्दा लागतो, तो असा.

प्रचाराच्या खर्चाला अनेक ठिकाणी मर्यादा असते, पोस्टरच्या जागा ठरलेल्या असतात. वर्गाच्या ईमेल यादीवरून मतं मागण्याआधी नियम बघा, नाहीतर नाव बाद व्हायचं. मतदान विद्यापीठाच्या लॉगिनवरून होतं, तेव्हा फक्त देशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका. लॅब, हॉस्टेल, मेस, सगळीकडे तोंड दाखवा.

अंतिम यादीत आलात तर सामन्याच्या हाफटाइमला, म्हणजे मध्यंतरात, मैदानावर चालायचं असतं. साडी नेसणार असाल तर आयोजकांना आधी विचारा. पदर डाव्या खांद्यावर आणि सॅश (नाव-किताब लिहिलेला पट्टा) बहुधा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे, म्हणजे छातीवर फुली पडते आणि सॅशवरची अक्षरं निऱ्यांत बुडतात. पदर बारीक घड्यांचा, घट्ट पिनअप केलेला ठेवा आणि पिना जास्तीच्या न्या. पेन्सिल हील गवतात रुतते. रुंद टाचेची चप्पल घाला. मिडवेस्टात (थंडी लवकर पडणाऱ्या मध्य-उत्तर राज्यांत) असाल तर ब्लाउजखाली थर्मल. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते का, तेही बघा. नावात ‘ज्ञ’ किंवा ‘ळ’ असेल तर निवेदकाला उच्चार रेकॉर्ड करून पाठवा, स्पेलिंगवर सोडू नका.

सोबत चालायला अनेकांचे आईवडील येतात. भारतातल्या आईवडिलांना यादी लागल्यावर व्हिसा काढायला वेळच उरत नाही, म्हणून एखाद्या प्राध्यापकांना किंवा मावशी-काकांना आधीच विचारून ठेवा. घरच्यांना टीव्हीसमोर बसवू नका. हाफटाइमला चॅनेल बहुतेक वेळा स्टुडिओत किंवा जाहिरातींकडे जातं. भरल्या स्टेडियममध्ये व्हिडिओ कॉलही लागेलच असं नाही. मैत्रिणीला रेकॉर्ड करायला सांगा. पूर्व किनाऱ्यावर दुपारी 12 ला सामना सुरू झाला, तर हाफटाइम होईपर्यंत पुण्यात रात्रीचे 11 वाजतात.

काही विद्यापीठं विजेत्याला शिष्यवृत्ती देतात. ती फीमध्ये वळती झाली तर प्रश्न नाही. हातात रोख येणार असेल तर एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांचा 14 टक्के कर कापला जाऊ शकतो, तेव्हा इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच फॉर्मवर सही करा.